ढाल उचलायची कधी, फासा पडण्याआधी की नंतर? नियम लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

टेबलटॉप फँटसी खेळांचे नियम लिहिणाऱ्या समस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

नमनाला घडाभर तेल घालत नाही. तुमच्या नियमपुस्तकांत ढालीला किती बोनस आणि तलवारीने वार अडवला (म्हणजे पॅरी केली) तर किती बोनस, हे अगदी चोख लिहिलेलं असतं. आकड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते आकड्याच्या आजूबाजूला जे लिहायचं राहून जातं त्याबद्दल. वार अडवायचं नेमकं कुठल्या क्षणी ठरवायचं? त्या क्षणी खेळाडूला काय काय ठाऊक असतं? आणि कुठल्या वारापुढे ढाल-तलवारीची मात्रा चालतच नाही? एवढं लिहिलेलं नसलं की ते जीएमच्या (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि शत्रूंच्या वतीने फासे टाकणारा) खुर्चीत बसलेल्या माणसाला ठरवावं लागतं, तेही ऐन लढाईत, हमरीतुमरीवर आलेल्या चार जणांसमोर. आमच्या टेबलावर तो माणूस बहुतेक वेळा मी असतो.

प्रसंग नेहमीचाच. सांगाड्याचा वार मी फाशावर टाकतो आणि सांगतो, "लागला. चौदा डॅमेज." समोरून आवाज येतो, "थांब थांब, मी पॅरी करतोय." लगेच शेजारचा उसळतो, "आता कसली पॅरी? आकडा ऐकल्यावर सुचलं होय? वरातीमागून घोडं!" मग पुस्तक उघडलं जातं. दोघंही तेच वाक्य मोठ्याने वाचतात. एक जण 'वार लागत असेल' यातल्या 'लागत' वर जोर देतो, दुसरा 'असेल' वर. पुस्तक दोघांच्याही बाजूने असतं. सांगाडा तलवार उगारून तसाच उभा.

बाहेरच्याला हे भांडण फालतू वाटेल. तीनचा तर बोनस, आधी घेतला काय आणि नंतर घेतला काय! म्हणून जरा गणित मांडतो.

समजा, चार सांगाडे एका तलवारबाजावर तुटून पडलेत. प्रत्येकाला वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा त्याहून जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे निम्मे वार लागायचे. तलवारबाजाकडे +३ ची पॅरी आहे, पण राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी होते तेवढ्यात) एकदाच वापरता येणारी. थोडक्यात, ११, १२ आणि १३ हे तीन आकडे पॅरीमुळे फुकट जातात. १४ किंवा वर पडलं तर पॅरी करूनही वार बसणारच.

आता पॅरी फासा टाकण्याआधी जाहीर करायची असेल, तर तलवारबाज चारातला एक सांगाडा निवडणार आणि त्याच्या फाशावर नेमके तेच तीन आकडे पडायची वाट बघणार. शक्यता १५ टक्के. वार लागल्याचं कळल्यावर, पण फाशावर किती पडलं ते न कळता ठरवायचं असेल, तर पहिला लागलेला वार तो अडवू बघणार. लागणाऱ्या दहा आकड्यांपैकी तीन त्याच्या कामाचे, आणि चारांपैकी एक तरी वार लागण्याची शक्यता साधारण ९४ टक्के. गुणाकार केला की शक्यता २८ टक्क्यांवर येते. आणि आकडाही उघड असेल? मग १४ किंवा वरच्या वारांवर तो पॅरी वाया घालवतच नाही, ११ ते १३ मधला वार येईपर्यंत हात राखून ठेवतो. शक्यता जवळजवळ ४८ टक्के.

पंधरा, अठ्ठावीस, अठ्ठेचाळीस. बोनस तोच, तलवारबाज तोच, सांगाडेही तेच. ढालीला +१ द्यायचा की +२ यावर तुमच्यात केवढा खल होतो! त्या एका पॉइंटाने वीस बाजूंच्या फाशावर पाच टक्क्यांचा फरक पडतो. आणि इथे एक अर्धवट सोडलेलं वाक्य त्याच पॅरीला तिपटीहून जास्त ताकदवान करून टाकतं, त्याबद्दल मात्र सगळं अळीमिळी गुपचिळी.

उदाहरण नावानिशी देतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ५व्या आवृत्तीत, २०१४ च्या पुस्तकात, ग्लॅडिएटर नावाच्या शत्रूला पॅरीची रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) आहे. जो जवळचा वार त्याला लागणार असेल, त्या एका वाराविरुद्ध त्याचा आर्मर क्लास (वार लागायला हल्लेखोराला गाठावा लागणारा आकडा) ३ ने वाढतो. त्याला हल्लेखोर दिसत असला पाहिजे आणि हातात जवळून लढायचं शस्त्र असलं पाहिजे, हेही लिहिलंय. इथवर छान. पण 'लागणार असेल' हे त्याला कळतं कसं, कितीने लागणार हेही कळतं का, याचा त्या नियमात उल्लेख नाही. आता टेबलावर काय होतं बघा. खेळाडू फासा टाकतो आणि विचारतो, "सतरा. लागतं का?" म्हणजे जीएमला आकडा आयताच कळतो. उलट जीएम पुठ्ठ्याच्या पडद्यामागे फासा टाकतो आणि सांगतो, "लागला." खेळाडूला आकडा कळत नाही. त्यामुळे शत्रूच्या पॅरीला ४८ टक्क्यांचा भाव आणि खेळाडूच्या पॅरीला २८ चा. जीएमने पडदा बाजूला ठेवून उघड्यावर फासे टाकले की अख्खी पार्टी अचानक जास्त चांगली तलवारबाजी करू लागते! पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर शूरवीराचं कसब ठरावं, असं तुमच्या मनात नक्कीच नसणार. पण लिहिलं नाहीत, म्हणून तसं झालं.

त्याच आवृत्तीत बॅटल मास्टर नावाच्या योद्ध्याचीही एक पॅरी आहे. ती आर्मर क्लासला हातच लावत नाही, लागलेल्या वाराचं डॅमेज कमी करते. माझ्या मते ही पॅरी जास्त स्वच्छ आहे. वार लागला, डॅमेज कळलं, आता फासा टाकून त्यातून वजा करा. भांडायला जागाच नाही. तलवार वाराला पूर्ण थोपवू शकली नाही, पण घावाचा जोर मोडला, हे चित्रही डोळ्यांसमोर उभं राहतं.

ढालीकडे वळतो. तिच्यावर तर पिढ्यानपिढ्या अन्याय झालाय.

१९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ढाल म्हणजे आर्मर क्लासमध्ये एक पायरी. बस्स. पुढे अॅडव्हान्स्ड आवृत्ती आली तेव्हा कुणीतरी विचार केला की एक माणूस एका ढालीने किती वार झेलणार? म्हणून छोटी ढाल राउंडमध्ये एका वारापुरती, मधली दोन आणि मोठी तीन वारांपुरती धरायची, असा नियम झाला. मागून आलेल्या वाराला ढाल नाही, ढालीचा हात नसलेल्या बाजूनेही नाही. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण ढाल कुठे थकते ते तो सांगतो. अर्थात खेळताना कुणी तो पाळला असेल यावर माझा फारसा विश्वास नाही. सहा गोब्लिन आणि चार खेळाडूंच्या लढाईत कोणाची ढाल कितव्या वाराला संपली, याची मोजदाद कोण ठेवणार?

त्याच आवृत्तीतल्या पॅरीच्या नियमाबद्दल मात्र चांगलं बोलवत नाही. पॅरी करायची तर स्वतःचा हल्ला सोडायचा, आणि बदल्यात ताकदीमुळे हल्ल्याला मिळणारा बोनस शत्रूच्या फाशातून वजा करायचा. तो बोनस ताकद १७ झाल्यावर सुरू व्हायचा. म्हणजे ताकद १६ असलेला, उभं आयुष्य तलवार चालवलेला वरच्या लेव्हलचा योद्धा स्वतःचा वार सोडून पॅरी करतो आणि हाती काय लागतं? शून्य. ताकद १७ असलेला पहिल्या लेव्हलचा उमेदवार त्याच्यापेक्षा बरी पॅरी करतो. चाळिशी उलटलेल्या नियमावर आता डोकं कशाला फोडायचं, असं तुम्ही म्हणाल. पण 'वार अडवायचा मोबदला आपला हल्ला' ही कल्पना चांगली होती. २०२३ च्या ड्रॅगनबेन या खेळात ती परत आली आहे आणि या वेळी नीट उतरली आहे. तिथे वार अडवला की त्या राउंडमधली तुमची पाळी गेली. पाळी आधीच वापरली असेल, तर अडवताच येत नाही. लहान मुलालाही कळेल असा सौदा.

आता सध्याच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधली, सगळ्यांना पाठ असलेली ढाल घ्या. आर्मर क्लास +२, चोवीस तास, सगळ्या बाजूंनी. हा नियम सोपा आहे हे कबूल. पण त्याचे परिणाम बघा. शत्रूला ११ लागत असताना ढाल घेतली की त्याला १३ लागतात. ५० टक्क्यांचे ४० झाले, म्हणजे पाचातला एक वार वाचला. आता डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात गेलेला सरदार घ्या, ज्याला लागायला शत्रूला १७ हवेत. ढाल घेतली की १९. वीस टक्क्यांचे दहा. थेट निम्मे वार वाचले! म्हणजे ज्याच्या अंगावर आधीच सगळ्यात जास्त लोखंड आहे, त्यालाच ढाल सगळ्यात जास्त फळते. इतिहासात याच्या बरोबर उलट घडलं. युरोपात चौदाव्या-पंधराव्या शतकात अंगभर पत्र्याचं चिलखत पक्कं होत गेलं, तशी चिलखतवाल्यांच्या हातातली ढाल गळत गेली, कारण चिलखतच पुरेसं होतं आणि दोन्ही हात मोठ्या शस्त्राला मोकळे हवे होते. ढालीची खरी गरज होती ती उघड्या अंगाच्या माणसाला. खेळाने इतिहासाची नक्कल करावी असा माझा मुळीच आग्रह नाही. ड्रॅगन उडवताना इतिहास कोण बघतो? पण अंगात साधा सदरा आणि हातात ढाल असलेला पोरगा जर तुमच्या खेळात मूर्ख ठरत असेल, तर निदान तो तुम्ही जाणूनबुजून ठरवलेला असावा.

पाथफाइंडरच्या २ऱ्या आवृत्तीने, २०१९ मध्ये, इथे धाडस केलं आणि त्याबद्दल मी त्यांना टोपी काढून सलाम करतो. तिथे ढाल नुसती हातात असून भागत नाही. पाळीत एक अॅक्शन खर्च करून ती उचलावी लागते, तेव्हा +२ मिळतात आणि तेही पुढच्या पाळीपर्यंतच. शिवाय ज्याला शील्ड ब्लॉक येतं, तो उचललेल्या ढालीवर प्रत्यक्ष घाव घेऊ शकतो. साध्या पोलादी ढालीचा कडकपणा ५, तिचे हिट पॉइंट (म्हणजे किती मार सोसेल ते) २०, आणि १० वर आली की ती मोडकी. मघाचा चौदाचा घाव तिच्यावर घेतला, तर पाच ढालीने पचवले आणि उरलेले नऊ तुम्हालाही बसले आणि ढालीलाही. ढाल ११ वर आली. असा आणखी एक घाव घेतला की ती २ वर, म्हणजे मोडकी. खेळाडूला दिसतं की आपल्या हातातली वस्तू झिजते आहे. दुरुस्तीची चिंता, नवी ढाल शोधायची धडपड, सगळं त्यातूनच येतं.

पण इथेही वेळेचा खेळ आहेच. अंगावर डॅमेज येऊ घातलंय, अशा वेळी हा ब्लॉक करायचा. म्हणजे आकडा ऐकून ठरवायचं, असा अर्थ मी घेतो. मग हिशेबी खेळाडू काय करतो? राक्षसाचा तिसाचा घाव आला तर ढाल पुढे करत नाही, कारण पाच वाचतील आणि पंचवीस बसून ढालीचे तुकडे होतील. उंदराने सहाचा चावा घेतला की मात्र ढाल पुढे, कारण पाच वाचले आणि ढालीला एकच ओरखडा. जो घाव जीव घेणार, त्याच्यापुढून ढाल बाजूला, आणि जो घाव औषधावर भागला असता, त्याच्यापुढे ढाल हजर!

जुन्या धाटणीच्या खेळांत एक घरगुती नियम फिरतो. घाव लागल्यावर खेळाडूने ढाल फोडायची तयारी दाखवली, तर तो घाव पूर्ण माफ, ढाल मात्र कायमची गेली. तिथे वागणूक उलटी होते. उंदराच्या चाव्याला कुणी ढाल फोडत नाही, राक्षसाच्या गदेची वाट बघितली जाते. नियम एका ओळीचा, पण जीव मुठीत धरलेल्या माणसाने अखेरच्या क्षणी ढाल पुढे करावी, हे नेमकं त्यातून घडतं. आणि ढाली फुटायच्याच. आइसलँडच्या कॉर्माकच्या गाथेत द्वंद्वाचे नियम दिलेत, त्यात प्रत्येक लढवय्याला तीन ढाली मिळतात. तिन्ही संपल्या की पुढे नुसत्या शस्त्राने बचाव करायचा. सुट्या ढालींचा हिशेब ठेवणारा तो नियम आपल्या धंद्यातल्या कुणीही लिहिला असता!

आता दुसऱ्या घराण्याकडे, जिथे हल्ल्याचा फासा वेगळा आणि बचावाचा वेगळा. १९७८ चं रूनक्वेस्ट, १९८४ पासूनचा जर्मन डार्क आय, ही मंडळी म्हणतात की वार माझा, अडवणं तुझं, दोघांनीही टाका. ऐकायला सगळ्यात न्याय्य. बचाव करणाऱ्यालाही हातात फासा घ्यायला मिळतो आणि त्यात मजा आहेच. पण दोघांचंही कसब ७० टक्के असेल, तर साधा हिशेब धरून बचाव भेदून जाणारे वार फक्त २१ टक्के. दोघं ९० टक्क्यांचे उस्ताद झाले की फक्त ९. जितके कसबी लढवय्ये तितकी लढाई रटाळ. टण, टण, टण, आणि बाकीचे खेळाडू मोबाइलमध्ये. दोन उस्तादांची लढत डोळ्यांचं पारणं फेडणारी हवी, तीच जांभया आणते.

यावरचा उपाय तुमच्यातल्याच काहींनी शोधलाय, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. गर्प्सच्या ४थ्या आवृत्तीत, २००४ मध्ये, हल्लेखोर स्वतःच्या कौशल्यातले दोन पॉइंट मुद्दाम सोडून समोरच्याचा बचाव एकने कमी करू शकतो. फसवा वार. उस्तादाकडे सोडायला भरपूर असतं, त्यामुळे उस्तादांच्या लढतीत डावपेच येतात आणि कोंडी फुटते. त्याच शस्त्राने त्याच पाळीत दुसरी पॅरी करायची तर ४ वजा, तिसरीला ८. हलक्या तलवारीने लढणाऱ्यांना हा दंड निम्माच. ढालीने अडवणं पाळीत एकदाच, पण ढालीचा बोनस मात्र पॅरीलाही आणि चुकवण्यालाही. साखळीच्या गोळ्याला पॅरी करायची तर ४ वजा, ढालीने अडवायचं तर २ वजा, आणि हलक्या तलवारीने तो अडवताच येत नाही. तुमच्या शस्त्राच्या तिप्पट वजनाचं शस्त्र अडवलंत तर तुमचं मोडू शकतं. नव्या रूनक्वेस्टने २०१८ मध्ये पुढच्या प्रत्येक पॅरीला २० टक्क्यांची कात्री लावली. चार सांगाड्यांनी घेरलेला माणूस का मरतो, हे या नियमांत आपोआप कळतं, जीएमला समजावून सांगावं लागत नाही. हो, गर्प्सच्या तक्त्यांत माणूस हरवतो, हेही खरंच. पण तिथे हरवलेला माणूस पान उघडून उत्तरापर्यंत पोहोचतो तरी.

'हे अडवता येत नाही' असं स्पष्ट सांगणं सगळ्यात दुर्मीळ आहे. मॉर्डहाइम या खेळात, १९९९ साली, ते दोन ओळींत केलं होतं. शत्रूच्या सगळ्यात मोठ्या आकड्याहून तुमचा फासा मोठा आला पाहिजे, म्हणजे शत्रूला सहा पडला की अडवायचा प्रश्नच मिटला, आणि तुमच्या दुप्पट किंवा जास्त ताकदीचा वार पॅरी होत नाही. आता २०१४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधली डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट ही खासियत घ्या. हातात चपळाईने चालवायचं शस्त्र असेल आणि कुणाचा जवळचा वार लागला, तर रिअॅक्शनने आर्मर क्लास वाढतो. खंजीर असं शस्त्र आहे. वादळी राक्षसाची माणसापेक्षा मोठी तलवार हा जवळचा वार आहे. तेव्हा नियमाप्रमाणे खंजिराने ती तलवार वळवता येते. मांत्रिकाचा नुसता स्पर्शाने जाळणारा हातही जवळचाच हल्ला, म्हणजे तोही खंजिराने अडवायचा! माझ्या टेबलावर एकीने हे केलं, आणि मी 'नाही' म्हटल्यावर तिने शांतपणे पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. तिचं बरोबर होतं. मग मलाच त्या खंजिराचं काहीतरी रसभरित वर्णन करावं लागलं. ते फार वाईट झालं नाही, पण ते काम तुमचं होतं.

आणि शेजाऱ्याचं काय? थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना नोंदवलंय की फळीतली सैन्यं पुढे जाताना उजवीकडे सरकत जातात, कारण प्रत्येक जण आपली उघडी बाजू उजवीकडच्या माणसाच्या ढालीआड नेऊ बघतो. ढाल ही मुळात दोघांची वस्तू. आपल्या खेळांत मात्र शेजाऱ्याला ढाल द्यायची तर वेगळी खासियत शिकावी लागते आणि तीही राउंडमध्ये एकदाच. यावर एखादा संबंध खेळ उभा राहू शकेल. तूर्त इतकंच.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. सगळंच लिहायला गेलं तर पुस्तक फुगेल, जीएमवर विश्वास ठेवा, निवाडा टेबलावरच होऊ द्या. यात तथ्य आहे. दहा पानांच्या खेळात ढालीला एक ओळ असेल, तर मी कधी कुरकुर केलेली नाही. तिथे सगळंच माझ्यावर सोपवलेलं असतं आणि खेळाडूंनाही ते मान्य असतं. पण तीनशे पानांचं पुस्तक, त्यात बोनस दिलेला, रिअॅक्शन दिलेली, हातात कुठलं शस्त्र हवं तेही दिलेलं, आणि नेमका क्षण तेवढा गाळलेला, याला जीएमवरचा विश्वास म्हणत नाहीत.

शिवाय नंतरची खुलासेबाजी पुस्तक वाचवत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पुस्तकातल्या शील्ड मास्टर या खासियतीचं काय झालं ते तुम्हालाही आठवत असेल. हल्ल्याची अॅक्शन घेतलीत तर बोनस अॅक्शनने (पाळीतल्या जादा छोट्या कृतीने) ढालीचा धक्का मारता येतो. धक्का आधी की हल्ला आधी? आधी पाडलं तर पुढचे वार सोपे, म्हणून प्रश्न जिवाभावाचा. अधिकृत उत्तर आधी एक आलं, २०१८ मध्ये त्याच्या उलट आलं, आणि दोन्ही उत्तरं खिशात घेऊन लोक टेबलावर येऊ लागले. शेवटी २०२४ च्या सुधारित पुस्तकात वाक्यच बदललं: वार लागला की मग लगेच धक्का. क्रम वाक्यातच आला आणि वाद संपला.

तेव्हा मागणं मोठं नाही. नमुन्यादाखल एक नियम लिहून दाखवतो, आवडला तर खुशाल घ्या:

"जवळच्या शस्त्राचा वार तुम्हाला लागला असं जीएमने जाहीर केलं, की डॅमेजचा फासा पडण्याआधी तुम्ही राउंडमध्ये एकदा पॅरी करू शकता. हल्ल्याच्या फाशावर किती पडलं ते तोपर्यंत कुणीही सांगायचं नाही. शत्रूच्या वतीने पॅरी करताना जीएमने आकडा विचारण्याआधी ठरवायचं. तुमच्याहून दोन आकारांनी मोठ्या शत्रूचा वार, मंत्राचा स्पर्श आणि न दिसलेल्या हल्लेखोराचा वार पॅरी होत नाही."

चारच वाक्यं झाली. आकडा काय द्यायचा तो तुम्ही द्या, त्यात तुम्ही माझ्याहून हुशार आहात.

आणखी एक. तुमच्या पुस्तकांतली लढाईची उदाहरणं नेहमी एक सरदार विरुद्ध एक ऑर्क अशीच का असतात? सरदार ढाल उचलतो, ऑर्कचा वार हुकतो, सगळे खूश. अशा ठिकाणी नियम कधीच अडत नाही. दोन बाजूंनी दोन शत्रू, त्यातला एक आकाराने मोठा, पहिला वार अडवायचा प्रयत्न फसलेला, आणि दुसऱ्यासाठी रिअॅक्शन शिल्लक नाही, असं एक उदाहरण छापा. चित्रं थोडी कमी करा हवं तर. चाचणीसाठी टेबलं निवडाल तेव्हा तुमच्या मित्रमंडळींच्या बरोबरीने एखादं भांडखोर टेबलही बोलवा. आमचं यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पडद्यामागचा एक जीएम

ता. क. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ५व्या आवृत्तीत ढाल हातातून काढायला एक आख्खी अॅक्शन जाते आणि तलवार नुसती टाकून द्यायला काहीच लागत नाही, यावर आमच्या टेबलावर बराच गोंधळ झाला. पण सीझरने स्वतः लिहून ठेवलंय की इ. स. पू. ५८ मध्ये हेल्व्हेशियन टोळीवाल्यांच्या ढालींत रोमन भाले असे रुतून वाकले की त्यांना ते उपटता येईनात, आणि बराच वेळ हात झटकून झाल्यावर अनेकांनी ढाली टाकून उघड्या अंगाने लढणं पत्करलं. तेव्हा ती अॅक्शन तशीच राहू द्या. फक्त ढालीत रुतलेल्या भाल्याचा नियम तेवढा कुठे सापडत नाही.